पॉइंट कोणाच्या पैशाचे?

२०२५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांसाठी नवे नियम काढले आणि त्यानंतर बहुतेक ॲपांवरून क्रेडिट कार्डाने घरभाडं भरायची सोय बंद झाली. बातमी वाचली आणि मला राग आला. हक्काचं काहीतरी कुणी ओढून नेल्यासारखा राग. दिवसभर मी तो बाळगला. रात्री भांडी आवरताना मनात आलं, की आपलं नेमकं गेलं काय? भाडं तर पूर्वीसारखंच जाणार आहे, घरमालकीण काकूंना ते पूर्वीसारखंच वेळेवर मिळणार आहे. गेले ते फक्त कार्डाचे पॉइंट. मग त्या पॉइंटांवर माझा हक्क आहे असं मला कधीपासून वाटायला लागलं?

तो राग उलगडून बघायचा म्हणून हे लिहिते आहे.

आमचं भाडं तीस हजार. ॲप त्यावर एक टक्का आणि वर जीएसटी घ्यायचं, म्हणजे महिन्याला ३५४ रुपये. माझ्या कार्डावर तेव्हा भाड्यालाही शंभर रुपयांमागे दोन पॉइंट मिळत, म्हणजे सहाशे पॉइंट. ते विमान कंपनीच्या खात्यात वळवून नीट तिकीट शोधलं तर एका पॉइंटचा एक रुपया सहज सुटतो, परदेशाच्या तिकिटावर जास्तही. शिवाय वर्षाच्या खर्चाचा एक टप्पा गाठला की बँक वरून बोनस देते आणि तो टप्पा गाठायला भाड्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पैसे तसेही द्यायचेच असतात, ते खात्यातून न देता कार्डातून द्यायचे एवढंच. पुढे बँकाही सावध झाल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात आयसीआयसीआय बँकेने भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लावलं, पुढच्याच महिन्यात एसबीआय कार्डने ९९ रुपये लावले, आणि एकेक कार्ड भाड्याला पॉइंट देणं बंद करत गेलं. माझं कार्ड उशिरापर्यंत देत राहिलं.

यात मी नियमाबाहेरचं काही केलं नाही. भाडेकरार खरा, घर खरं, काकू खऱ्या. आईला पहिल्यांदा विमानात बसवलं ते याच पॉइंटांवर, पुण्याहून दिल्लीमार्गे वाराणसीला. दिल्लीच्या लाउंजमध्ये तिने उपम्याची बशी हातात घेऊन मला हळूच विचारलं, "अगं, इथे पैसे कुणाकडे द्यायचे?" तो आनंद खरा होता आणि तो मी कुठल्याही हिशेबात उणा धरणार नाही.

पण त्याच सुमारास माझ्या दिरांनी मला एक गोष्ट सुचवली होती. "वहिनी, माझ्या खात्यात भाडं म्हणून टाका. मी पाच मिनिटांत परत पाठवतो. महिन्याला एकाच्या जागी दोन भाडी होतील, टप्पा सहा महिन्यांत गाठाल." मी नको म्हटलं. तेव्हा मला स्वतःचं बरं वाटलं होतं. आता विचारते, मी नको का म्हटलं?

कारणं आठवून बघितली. ॲप घरमालकाचा पॅन मागायचं. दिरांचा पॅन तिथे घातला तर उद्या आयकर खात्याने त्यांना भाड्याच्या उत्पन्नाबद्दल विचारलं असतं. बँकेच्या लक्षात आलं असतं तर कार्ड बंद, साठलेले पॉइंटही गेले असते. म्हणजे मला भीती वाटली होती. खोटं भाडं दाखवणं म्हणजे खोटं बोलणं, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आलाच नव्हता. प्रामाणिकपणाची पावती मी स्वतःला नंतर फाडली.

भीती नसती तर? याचं उत्तर द्यायला मला एक जुनी अमेरिकन हकीकत उपयोगी पडते. तिथल्या सरकारी टांकसाळीने २००८ पासून एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला लोकांना घरपोच विकायला सुरुवात केली, टपालखर्चही सरकारचा. हेतू असा, की नाणी चलनात यावीत. पैसे क्रेडिट कार्डाने देता येत होते. कार्डावर विमानप्रवासाचे मैल गोळा करणाऱ्यांनी हजारो डॉलरची नाणी मागवली, खोकी न फोडताच ती बँकेत भरली आणि त्याच पैशातून कार्डाचं बिल चुकतं केलं. नाणी टांकसाळीतून निघून बँकेच्या तिजोरीत पोचली, मधे कुणाच्या खिशात गेलीच नाहीत. वाहतूक करदात्याच्या पैशाने झाली आणि मैल यांच्या खात्यात. २०११ च्या जुलैत टांकसाळीने कार्डाने नाणी विकणं थांबवलं. कायदा कुणीच मोडला नव्हता. मी तिथे असते तर ती खोकी मागवली असती का? बहुधा मागवली असती. भीतीचं कारण नव्हतं आणि नुकसान झालं ते 'सरकारचं', म्हणजे ज्याचा चेहरा दिसत नाही अशा कुणाचं तरी. हे उत्तर मला आवडत नाही, पण खरं तेच आहे.

आपल्याकडे त्या खोक्यांचा अवतार वेगळा आहे. ओळखीच्या दुकानदाराच्या मशीनवर कार्ड घासायचं, त्याने दीड-दोन टक्के कापून रोख द्यायची किंवा खात्यात टाकायचे, आणि तेच पैसे फिरवून बिल भरायचं. याला लोक सरळ 'रोटेशन' म्हणतात. कुणी पॉइंटांसाठी करतं, कुणी गेल्या महिन्याचं बिल भरायला पैसे नाहीत म्हणून करतं. मशीनला या दोघांतला फरक कळत नाही. रिझर्व्ह बँकेलाही कळायला मार्ग नाही. ज्याच्याशी करार झाला आहे आणि ज्याची नीट ओळखपडताळणी केली आहे अशाच व्यापाऱ्यासाठी पैसे गोळा करा, हा सप्टेंबरातला नियम मला आता अन्यायाचा वाटत नाही. काकू व्यापारी नाहीत. माझे दीर तर घरमालकही नाहीत.

इथवर सोपं होतं. खोटं वाईट, खरं चांगलं, माझं खरं होतं, विषय संपला असं म्हणून मी थांबू शकले असते. पण मला टोचतं आहे ते खऱ्या खरेदीबद्दल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. शेठ जुन्या ओळखीचे. काउंटरवर क्यूआरचा स्टँड, शेजारी रक्कम मोठ्याने सांगणारा स्पीकर. कार्ड काढलं की ते म्हणायचे, "ताई, फोनवरून करा ना. कार्डाला दोन टक्के कटतात." मी फोनवरून करायचे. पण माझ्या फोनमध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं होतं. २०२२ पासून ही सोय आहे. स्कॅन तेच, पिन तसाच, स्पीकरवर रक्कमही पूर्णच ऐकू येते. साध्या बँक खात्यातून यूपीआय केलं तर दुकानदाराला काही कापलं जात नाही, २०२० च्या जानेवारीपासून ते शुल्क शून्य आहे. क्रेडिट कार्डातून केलं तर छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत सवलत आहे, त्यापुढे कपात सुरू. आमचं महिन्याचं सामान दोन हजारांत बसत नाही. शेठ मला विनंती करत होते आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत ती मान्य केल्यासारखं दाखवत होते. बिल भरताना माझा अंगठा ॲपमध्ये बचत खात्यावरून खाली सरकून कार्डावर थांबायचा. ती दोन सेकंदं मला स्पष्ट आठवतात, कारण त्या वेळी मी फोन जरा स्वतःकडे वळवून धरायचे.

फोन वळवून धरावासा वाटतो याचा अर्थ मनाला आधीच माहीत असतं.

शेठ काही सोसत बसत नाहीत, तेही खरं. व्यापारी आहेत, ते ती कपात भावात धरतात. पण भाव सगळ्यांना एकच असतो. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी त्याच दुकानातून तीच तूरडाळ घेतात, रोखीने, अर्धा किलो, अर्धा किलो. त्यांच्या डाळीच्या भावात माझ्या कार्डाची कपात मिसळलेली आहे आणि मला मात्र शंभरामागे दोन पॉइंट परत मिळतात. बँक ते पॉइंट स्वतःच्या कनवटीचे काढून देत नाही. दुकानदाराच्या कपातीतला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो, त्यातून ती विमान कंपनीकडून मैल विकत घेते आणि मला 'बक्षीस' म्हणून देते. हा धंदा केवढा मोठा आहे हे कोविडच्या वर्षी जगाने बघितलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलांची योजनाच तारण ठेवली आणि त्यावर अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. उडणाऱ्या विमानांपेक्षा माझ्यासारख्यांच्या हौसेची हमी पक्की ठरली.

बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हाच हिशेब अमेरिकेपुरता मांडला होता. रोखीने खर्च करणारं सरासरी कुटुंब भावातून दरवर्षी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला रोखवाल्यांकडून १,१३३ डॉलर पोचतात, असा तो अंदाज. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील. इथे यूपीआयने बऱ्याच छोट्या व्यवहारांतून ती कपातच काढून टाकली आहे आणि तेवढ्यापुरतं आपण अमेरिकेपेक्षा न्यायाचे आहोत असं मला मनापासून वाटतं. म्हणून तर माझं वागणं जास्त टोचतं. न्यायाची वाट माझ्या हातात होती, शेठ मला ती बोटाने दाखवत होते, आणि मी त्याच वाटेवरून गुपचूप कार्ड नेत होते.

पॉइंटांमागचा दुसरा पैसा व्याजाचा. तो आणखी जवळून दिसला.

आमच्या ऑफिसात लातूरकडचा एक मुलगा आहे, नोकरीला लागून थोडीच वर्षं झालेली. पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेल्या एकाने त्याला कार्ड दिलं. मला कार्डातलं कळतं अशी ऑफिसात समजूत आहे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो फोन घेऊन आला. "मॅडम, मी दर महिन्याला भरतोय, तरी बाकी कमी का होत नाही?" स्टेटमेंट उघडलं. एकूण देय ८२,४६०. किमान देय ४,१३०. तो दर महिन्याला किमान देय भरत होता, तेवढंच भरायचं असतं अशा समजुतीने. खाली बारीक अक्षरात फायनान्स चार्जेस २,८९० आणि त्यावर जीएसटी ५२०. म्हणजे भरलेल्या चार हजारांतले जवळजवळ साडेतीन हजार वरच्या वर जात होते आणि बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. पावणेचार टक्के महिना. वर्षाचे पंचेचाळीस.

त्याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती, आपले रिवॉर्ड पॉइंट्स: १,३१२. तीच चौकट माझ्याही स्टेटमेंटवर असते, तिथेच, त्याच रंगात. माझ्या पानावर व्याजाच्या रकान्यात शून्य आणि चौकटीत मोठा आकडा. त्याच्या पानावर उलट. दोन्ही पानं एकाच प्रकारच्या धंद्यातून छापली जातात, आणि पूर्ण बिल भरणाऱ्या माझ्यासारखीला वर्षभर फुकट पैसे वापरू देऊन वर बक्षीस देणं कार्डांच्या धंद्याला परवडतं, त्यात त्याच्यासारख्यांच्या रकान्याचा वाटा आहे.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजाचे दर ठरवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाचं नव्हे, अशी त्यामागची भूमिका. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, त्यात मी शिरत नाही. पण तो निकाल आला त्या आठवड्यात मी काय बघत होते हे मला आठवतं. मी बघत होते, की कोणती बँक कोणत्या विमान कंपनीशी पॉइंट बदलायचं प्रमाण नव्या वर्षात कमी करणार आहे. एकाच धंद्याच्या दोन बातम्या होत्या. माझ्या कामाची फक्त एकच आहे असं मला वाटलं होतं.

हे सगळं पैशाचं झालं. लक्षाचं वेगळंच आहे, आणि त्याबद्दल लिहायला मला जड जातं. वडिलांना छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री हॉस्पिटलात नेलं होतं. त्यांना स्ट्रेचरवरून आत नेलं, आणि मला डिपॉझिटच्या खिडकीवर पाठवलं. पन्नास हजार. पर्समधून दोन कार्डं निघाली आणि त्या क्षणी मी विचार केला, की हॉस्पिटलच्या बिलाला यातल्या कोणत्या कार्डावर पॉइंट मिळतात. क्षणभरच. खिडकीतल्या मुलीला ते थांबणं कळलंही नसेल. वडील बरे होऊन घरी आले, त्या रात्रीचं कुणी काही विचारलं नाही. मी त्यासाठी स्वतःला शिक्षा करत नाही, सवय हाताला असते हे मला कळतं. पण ती सवय मी लावून घेतली होती, काळजीपूर्वक, कित्येक वर्षं. पेट्रोल या कार्डावर, वीजबिल त्या कार्डावर, मार्चअखेरीस टप्पा अपुरा पडला की नको असलेली गिफ्ट व्हाउचरं. दर वेळी खर्च करताना 'हे हवं का' याच्या आधी 'हे कशावर' हा प्रश्न यायला लागला होता. तो प्रश्न हॉस्पिटलच्या दारात थांबेल अशी मी अपेक्षा कशी केली?

हे सगळं एका रविवारी नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, तू पॉइंट सोडलेस. मग? ते बँकेकडेच राहतील. शेठना परत मिळणार आहेत का? त्या लातूरच्या मुलाचं व्याज कमी होणार आहे का?"

त्याचं बरोबर आहे. साठलेले पॉइंट न वापरता बाद होऊ दिले तर बँकेच्या ताळेबंदातलं एक देणं कमी होतं, एवढंच. ज्याच्याकडून घेतलं त्याच्यापर्यंत त्यातला पैसाही जात नाही. त्या बोलण्याने मला एक गोष्ट नीट दिसली, की प्रश्न तिकीट काढताना नसतो, पैसे देताना असतो. दुकानात अंगठा कुठे थांबतो तिथे. ते एकदा कळल्यावर करण्यासारखं फार अवघड नव्हतं. रुपे कार्ड यूपीआय ॲपमधून काढून टाकलं. किराणा, भाजी, मेडिकल, रिक्षा, शिंपी, सगळं बचत खात्यातून. विमानाचं तिकीट, विम्याचा हप्ता, मोठ्या साखळी दुकानातली खरेदी कार्डावरच होते. ते लोक माझ्यापेक्षा हिशेबी आहेत आणि बँकेशी घासाघीस करायची ताकद त्यांच्यात आहे. अर्थात त्या साखळी दुकानातसुद्धा रोख देणारी गिऱ्हाइकं रांगेत असतात आणि भाव त्यांनाही एकच असतो, तेव्हा ही रेषा मी माझ्या सोयीने मारली आहे हे मला दिसतं आहे. याहून चांगली रेषा मला अजून मारता आलेली नाही. टप्पा यंदा गाठला जाणार नाही. पहिले काही आठवडे त्याची रुखरुख होती, अजूनही महिनाअखेरीस ती थोडी येते.

व्याजाच्या पैशाला मात्र माझ्याकडे असा मार्ग नाही. मी कार्ड कसंही वापरलं तरी त्या मुलाच्या पानावरचा आकडा हलत नाही. म्हणून ते काम वेगळंच करायला लागलं. त्याला बसवून एकूण देय आणि किमान देय यांतला फरक समजावला, कार्डावरची नवी खरेदी बंद करायला लावली. आमच्या ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेत कर्जाचा व्याजदर अकरा टक्के आहे. तिथून कर्ज काढून कार्डाची सगळी बाकी एकदम फेडायची आणि हप्ता पगारातून कापून घ्यायचा असं ठरलं. अर्जाला दोन जामीनदार लागतात. एक त्याच्या विभागातले साहेब, दुसरी मी. मी सही करत असताना त्याने तीन वेळा विचारलं, "मॅडम, नक्की ना?" कर्ज मंजूर झालं आहे.

याने माझं देणं फिटलं असं मी मानत नाही. त्याच्यासारखे कितीतरी जण किमान देय भरत असतील आणि माझी सही एकाच्या अर्जावर आहे. माझ्या खात्यात पॉइंट अजून बरेच आहेत. बहीण सिंगापूरला असते, आईला एकदा तिच्याकडे न्यायचं आहे, आणि आईचं वय थांबून राहणार नाही. नवरा म्हणतो, ते पॉइंट वापर आणि पुढचे जमवू नकोस. मला ते पटतं, आणि बुकिंगचं पान उघडलं की पटेनासं होतं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायला हवं, कारण तिकीट तिच्या नावाचं असणार आहे.